जुना पाइप

मेघाची जुनी डिझेल गाडी चढाला ओढत नव्हती. ॲक्सिलरेटर दाबला की बोनेटमधून बारीक शिट्टी यायची. पडेगावच्या सांडू मिस्त्रीनं टर्बोच्या रबरी पाइपला साबणाचं पाणी लावलं, आत हवा सोडली आणि फेस आला तिथं बोट ठेवलं.

"चीर पडलीय, ताई. सगळं प्रेशर इथूनच जातंय."

नवा पाइप बसला. गाडी उचल घ्यायला लागली, शिट्टी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेघा परत गॅरेजच्या दारात.

"काका, जुना पाइप फेकला नाय ना? तोच लावा परत."

"का? गाडी पळत नाय का?"

"लई पळते." तिनं बोनेटवर हात ठेवला. "गाडी दादाची हाय. तो वारला, पण आईच्या ध्यानात राहत नाय. घरापुढच्या चढाला शिट्टी ऐकू आली, की धम्मा आला म्हणून ती निवांत झोपायची."

"मग?"

"काल शिट्टी वाजलीच नाय. आई उठून दारात आली. म्हणाली, 'मेघे, गाडी तू कशी आणलीस? माझा धम्मा कुठंय?'"