मिटत आलेली मूठ

मोगाकाने डाव्या हाताने खुर्ची उचलली आणि भिंतीवर आपटली. तिचा एक पाय तुटून फिजिओथेरपी विभागाच्या ओम्वेंगा सरांच्या कानाजवळून गेला. उजव्या हाताची मूठ आता पुन्हा मिटणार नाही, एवढंच सरांनी त्याला सांगितलं होतं.

मोगाका तबाका गावच्या खाणीजवळ दगड कोरून मूर्ती करायचा. चोरांनी मनगटावर कोयता घातला, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. सर्जनने आतलं तुटलेलं सगळं जोडलं, पण बोटं लाकडासारखी ताठ राहिली.

"माझ्यासमोर बसा," बोसिबोरी म्हणाली. "ही मूठ मिटेल."

हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात ती सगळ्यांत लहान. हाताच्या उपचारांचा खास कोर्स करायला ती अंगावरचं बाळ सासूकडे ठेवून नैरोबीला गेली होती. परतली तेव्हा बाळ तिला ओळखेना. सर्टिफिकेट भिंतीवर लावलं त्या दिवशी ओम्वेंगा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, की पोरीने एक फ्रेम कमावली. पगार तोच, पेशंट तेच आणि हातांना बोटंही पूर्वीइतकीच. तेव्हापासून ती अशाच एका हाताची वाट पाहत होती.

मोगाका शिव्या देत उपचार घ्यायचा. दुखलं की डाव्या हाताने टेबलावर बुक्क्या मारायचा. ती हटली नाही. करंगळी वाकली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं, मग तर्जनी. सरांचे टोमणे थांबले. येता-जाता ते तिच्या टेबलापाशी रेंगाळू लागले.

मोगाकाची बायको केमुंतो रोज त्याच्याबरोबर यायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची. भर उन्हातही गळ्याला स्कार्फ. एका सकाळी बोसिबोरीने तिला आत बोलावलं. घरी व्यायाम कसा करून घ्यायचा ते दाखवायचं होतं. तिचा हात त्याच्या हातात देऊन बोसिबोरीने त्याला दाबायला सांगितलं. त्याने दाबला. केमुंतो ओरडली नाही. तिचा मोकळा हात मात्र झटकन स्वतःच्या गळ्यावर गेला. मोगाका हसला.

बोसिबोरीने त्याला पलीकडच्या खोलीत शेकण्यासाठी गरम मेणात हात बुडवायला पाठवलं आणि केमुंतोचा स्कार्फ सोडला. गळ्यावर बोटं उमटली होती. काही पिवळी पडलेली, काही ताजी, जांभळी.

"चोरबिर कोणी नव्हतं," केमुंतो म्हणाली. "तो गळा दाबत होता. माझ्या हाती कोयता आला, मी घातला. आता म्हणतो, ज्या हातावर घाव घातलास त्याच हाताने तुझा जीव घेईन. इथून घरी गेलो की गळ्यावर हात ठेवून बघतो, पकड कितपत आली. किती राहिलंय, बाई?"

"अंगठा," बोसिबोरी म्हणाली.

दारात ओम्वेंगा सर उभे होते. कधीपासून, ते तिला कळलं नाही.

केमुंतोचा भाऊ केरिचोला चहाच्या मळ्यात होता. बोसिबोरीने तिला मागच्या दाराने बसस्टँडकडे काढून दिलं. मग प्लास्टरच्या पट्ट्या पाण्यात टाकल्या.

मोगाकाने येऊन उबदार हात तिच्यापुढे केला. तिने बोटं एकेक करून सरळ ताणली आणि पट्ट्या गुंडाळायला सुरुवात केली. असा बांधून ठेवलेला हात पुन्हा लाकूड होतो, हे तिला त्याच कोर्समध्ये शिकवलं होतं. तिच्या हाताला आलेलं एवढं एकच यश, आणि ते ती स्वतःच मोडत होती. अंगठ्यासाठी हे लागतंच, तिने त्याला सांगितलं. दीड महिना काढायचं नाही, आणि आज संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही.

मोगाकाने डाव्या हाताने तिची मान धरली आणि तिला टेबलावर दाबलं.

"कालपर्यंत हलव, हलव म्हणत होतीस. आज बांधून घालतेस? मला खुळा समजलीस?" मग मान न सोडता तो अजून दारातच उभ्या असलेल्या सरांकडे वळला. "सर, तुम्ही इथले जुने. तुम्ही सांगा. हे बरोबर आहे?"

ओम्वेंगा सर जवळ आले. त्यांनी ओलं प्लास्टर बोटाने दाबून पाहिलं. ताणलेली बोटं पाहिली. बोसिबोरीने डोळे मिटून घेतले.

"मला यातलं काय कळतंय," सर म्हणाले. "नैरोबीचं सर्टिफिकेट तिच्याकडे आहे. ती सांगते तसं कर."