घड्याळजींचा चौथा फॉर्म

“पुन्हा नाही म्हणाले,” घड्याळजींनी सांगितलं आणि टोपी मांडीवर ठेवून ते स्टुलावर बसले.

फॉर्मवाल्या बाईंचं पेन थांबलं. व्हिसा कचेरीसमोरच्या फुटपाथवर घडीचं टेबल मांडून त्या अकरा वर्षं लोकांचे फॉर्म भरत होत्या. नकार मिळालेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. कुणी रडायचं, कुणी कचेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. घड्याळजी मात्र दर वेळी रुमालाने चष्मा पुसत आणि म्हणत, “चला, नवा भरू.”

“तिसऱ्यांदा!” शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मशीनचं झाकण आपटलं. “काका, एवढ्या वेळात लोक जाऊन, फोटो काढून, बायकोशी भांडून परतसुद्धा आले. तुमची मालिका आपली चालूच.”

“तू गप रे,” बाई म्हणाल्या. “कारण काय दिलं?”

“तेच. एकटा माणूस, परत येण्याचं कारण दिसत नाही.”

“पत्र बघू.”

“फाडून टाकलं. असली वस्तू घरात कशाला ठेवायची?”

घड्याळजींना जायचं होतं ते एका मनोऱ्याखाली उभं राहायला. त्या परक्या देशात चारशे वर्षांचं एक घड्याळ होतं. भर दुपारी बाराला त्याची दारं उघडत आणि बारा लाकडी बाहुल्या एकामागोमाग बाहेर येऊन घंटा वाजवत. घड्याळजींच्या उस्तादांनी त्याचं चित्र घड्याळदुरुस्तीच्या दुकानात लावलं होतं. उस्ताद गेले, पुढे बायको गेली, दुकानही आवरलं. चित्र तेवढं पिवळं पडून भिंतीवर राहिलं. आता वर्षअखेरीला ते घड्याळ दुरुस्तीसाठी उतरवणार होते, तेही दहा वर्षांसाठी. घड्याळजी सदुसष्टचे होते. वर्ष संपायला अडीच महिने उरले होते.

बाईंनी कोरा फॉर्म घेतला, सवयीने कपाळाला लावला.

“हाताची थरथर अजून तशीच?”

“लिहायला बसलो की होते.”

बाईंनी मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली. गेल्या खेपेला ते बंद पडलं होतं. घड्याळजींनी तिथेच उघडून खसखशीएवढा स्क्रू चिमट्याने पहिल्या झटक्यात बसवला होता. तेव्हापासून ते एक मिनिटही मागे पडलं नव्हतं.

‘यापूर्वी व्हिसा नाकारला आहे का?’ या प्रश्नापुढे बाईंनी ‘होय, तीनदा’ असं लिहिलं. स्वतःच्याच नापास पोराच्या प्रगतिपुस्तकावर सही करावी तसा त्यांचा चेहरा झाला.

“नातेवाईक कोण दाखवू? पुतण्या, भाची?”

“कुणी नाही.”

“अहो, मग तुम्हाला इथे बांधून ठेवणारं आहे तरी काय?”

घड्याळजींनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. “आहे. पण रकान्यात बसत नाही.”

“कचेरीला रकान्यातलंच कळतं.”

“तुम्ही कधी गेलात का कुठे?”

“मी? माझं काम लोकांना धाडायचं,” बाई हसल्या.

टेबलावर त्यांचा स्वतःचा पासपोर्ट पडलेला असे. नंबर कुठे असतो, सही कशी जुळायला हवी, हे गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना म्हणून. नवरा गेल्यावर बहिणीचं मन रमावं म्हणून भावाने हट्टाने काढून दिलेला. हाताळून त्याचे कोपरे झिजले होते. आत एकही शिक्का नव्हता.

“हां, एक राहिलंच,” बाई म्हणाल्या. “या महिन्यापासून नवा नियम आलाय. पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स लागते. तुम्ही दर वेळी पहिल्याच पानाची घेऊन येता. या खेपेला मूळ पासपोर्ट आणा.”

घड्याळजींचा हात चष्म्यावर थांबला. “सगळ्या पानांची?”

“कोऱ्यासुद्धा.”

“कोरी पानं बघून काय करणार ते?”

“माझ्या पोटाची काळजी आहे त्यांना,” झेरॉक्सवाला म्हणाला.

बाईंनी हसू आवरलं. “या वेळी होणार बघा. मी देवापाशी बोलून ठेवलंय. रोज नाव घेते तुमचं.”

“रोज?”

“रोज. तीनदा तोंडघशी पाडलंय त्याने मला. काल सांगितलं, आता पुरे झालं, तुझ्याशी कट्टी. एका म्हाताऱ्या माणसाची एवढीशी हौस तुला पुरवता येत नाही?”

घड्याळजी उठले. टोपी घातली आणि गेले. पुढचे दोन दिवस फिरकलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून. दोन्ही हातांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला.

“बाई, देवाला बोल लावू नका. त्याच्याकडून काही कसूर झालेली नाही,” ते म्हणाले आणि झेरॉक्स मशीनपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

बाईंनी पासपोर्ट कपाळाला लावला आणि उघडला. कोरं पान. पुन्हा कोरं. सातव्या पानावर त्यांचं बोट थबकलं.

तिथे व्हिसा चिकटवलेला होता. मुदत वर्षअखेरपर्यंत. दिल्याची तारीख, पहिला फॉर्म नेला त्यानंतरचा बारावा दिवस.

“ताई, किती प्रती काढू?” झेरॉक्सवाल्याने विचारलं.

“एकही नको.”

बाईंनी चौथा फॉर्म मधोमध फाडला. एक कोरा काढला, नमुन्याचा पासपोर्ट उचलून त्यावर ठेवला, वर पेन ठेवलं आणि सगळं टेबलाच्या पलीकडे सरकवलं.

“घड्याळजी, इकडे या,” त्या म्हणाल्या. “माझा हात थरथरतोय. हा तुम्ही भरा.”