तीनशे बारा नोंदी

“तीनशे बारा,” तपासनीस पुन्हा म्हणाला आणि त्याने दवाखान्याचं रजिस्टर नर्सबाईंकडे वळवलं. “नळ यायच्या आधी वर्षाला एक्केचाळीस मुलांना जुलाब. आता तीनशे बारा. नळाच्या प्रकल्पाचं उद्दिष्ट होतं हा आकडा निम्म्यावर आणायचं.”

नर्सबाईंनी रजिस्टर पुढ्यात ओढलं. एकूण एक नोंद त्यांच्याच अक्षरातली होती. खालच्या वस्तीत नळ येऊन तीन वर्षं झाली होती. या तपासणीचा निकाल चांगला निघाला तर तीच पाइपलाइन वरच्या वस्तीला जायची, नाहीतर सगळा गाशा गुंडाळायचा. वरच्या वस्तीत त्यांची भावजय राहत होती. ओढ्याचं पाणी पिऊन तिची दोन तान्ही मुलं गेली होती आणि आता तिला सातवा महिना होता.

प्रकल्पाचा प्रमुख इतका वेळ कपाटाला टेकून उभा होता. तपासनीस फोन घ्यायला बाहेर गेला, तसा तो पुढे झाला. म्हणाला, यातल्या निम्म्या नोंदी सटरफटर आहेत, एकदा शी पातळ झाली की लिहिलं जुलाब. हे कच्चं रजिस्टर आहे, पक्कं उद्या देतो, असं साहेबांना सांगू. नवीन वही घ्या, आज बसून उतरवून काढा, कोण बघतंय? माणूस लबाड नव्हता. नळाचे पाइप त्याने स्वतः खांद्यावरून वाहिले होते. म्हणूनच नर्सबाईंना त्याला नाही म्हणणं जड जात होतं.

खरं काय ते नर्सबाईंना ठाऊक होतं. पूर्वी इथे एक कंपाउंडर होता. आठवड्यातून दोनदा यायचा आणि कुणी दारात पोचायच्या आत कुलूप लावायचा. लोकांनी कंटाळून येणंच सोडलं. मुलं घरीच आजारी पडायची आणि पुढे जे व्हायचं तेही घरीच. नळ आला त्याच महिन्यात नर्सबाई आल्या. दारोदार फिरून त्यांनी आयांना बजावलं, एकदा जरी पोट बिघडलं तरी इकडे यायचं. आता बाळ नुसतं कुंथलं तरी आई त्याला काखोटीला मारून हजर! बाई प्रत्येकाला मीठ-साखरेची पुडी द्यायच्या आणि प्रत्येकाचं लिहून ठेवायच्या. इतकं चोख काम केलं, की स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

“एकही ओळ खोडणार नाही मी,” त्या म्हणाल्या. “आज खोडली, तर उद्या माझं कुठलंच लिहिणं खरं राहणार नाही.”

“मग भावजयीला काय सांगणार, सिस्टर?”

बाईंना त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. त्या उठल्या आणि तपासनीस परत आल्याबरोबर त्याला कंपाउंडरची सगळी हकिगत सांगून मोकळ्या झाल्या. त्याने मधे न तोडता ऐकून घेतलं. तो म्हणाला, तुमचं म्हणणं मला पटतंय, पण अहवालात मला काही दाखवावं लागेल. मृत्यूची नोंदवही बघू का? बाईंनी नकारार्थी मान हलवली. जे मूल जन्मलं म्हणून कुणी लिहिलं नाही, ते गेलं म्हणून कोण लिहायला जाणार? ती वही तेव्हाही कोरी होती आणि आताही कोरीच होती.

“म्हणजे त्या मुलांचं कुठेच काही नाही?” तपासनीसाने विचारलं.

“कागदावर नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या. “चला माझ्याबरोबर.”

खालच्या वस्तीची दफनभूमी चालत दहा मिनिटांवर होती. वाटेत तपासनीसाने अट घातली. प्रश्न तो विचारणार, बाईंनी ब्र काढायचा नाही, खूणही करायची नाही. आणि उत्तर बाजूचं येवो की विरुद्ध, ते अहवालात जाणार. बाई बरं म्हणाल्या. मग मात्र त्यांची चाल मंदावली. तीन वर्षांत इथलं मूल गेल्याचं त्यांच्या कानावर नव्हतं. पण बोलणी खावी लागतील म्हणून लोक नर्सपासूनही लपवतात. आणि इथल्या राखणदाराला त्यांनी स्वतः कधी विचारलं नव्हतं.

राखणदार म्हातारा भिंतीकडेचं गवत कापत होता. तीस वर्षं इथले खड्डे तोच खणत आला होता. तपासनीस आणि बाई कट्ट्यावर बसले. तपासनीसाने मुद्द्याला हात घातला नाही. थेट विचारलं तर लोक विचारणाऱ्याला हवं तेच सांगतात, हे त्याला पुरतं माहीत होतं. त्याने मातीची चौकशी केली, दगड लागतो का विचारलं, मोठ्या माणसाचा खड्डा केवढा घेता म्हणून विचारलं. साडेसहा फूट लांब, चार फूट खोल, म्हाताऱ्याने विळा न थांबवता सांगितलं. बाई ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत होत्या.

“आणि तान्ह्या मुलाचा?”

म्हाताऱ्याने विळा खाली ठेवला. दोन्ही तळवे समोर धरले, थोडे लांब केले, परत जवळ आणले.

“थांबा हं, साहेब,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली तेवढा खणून. आठवावं लागेल.”