सवत

गाडीखालची परात आज कोरडी होती.

"वहिनी, गळती थांबली एकदाची!" कुमुदच्या नवऱ्याच्या जुन्या विलायती टू-सीटरचं बॉनेट लावत रफीक मिस्त्री म्हणाला. "इंजिनाची श्वासाची नळी तुंबली होती. आत वाफ कोंडली, की तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं."

"बरं," कुमुद म्हणाली. नवरा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती.

नवरा रोज सकाळी ती तेलाने भरलेली परात ओढून ओरडायचा, "कुमे, तुझी सवत रात्री पुन्हा रडली गं!" तो गेल्यावरही सवत रडत होती. कुमुदने मात्र टिपूस गाळलं नव्हतं.

मिस्त्री गेल्यावर तिने नवऱ्याच्या रुमालाचा बोळा त्या नळीत कोंबला. किल्ली फिरवली.

"रड गं बाई," ती म्हणाली. "माझ्या वाटचंही."