दोनदा हो

"नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही," कॉम्प्युटरवाला लॅपटॉपपुढे खुर्ची ओढत म्हणाला. "बादली विहिरीत, आणि ती काढायचा दोर बादलीलाच बांधलेला!"

पालेभाजी निवडणाऱ्या सासूबाई खुदकन हसल्या. सुनेला मात्र हसू आलं नाही.

"दादा, उद्या सकाळी यांची परदेशातल्या नोकरीची मुलाखत आहे. शेवटची फेरी. मोबाइलवर देता येत नाही म्हणतात. या दिवसासाठी किती वाट बघितलीय हो!"

तिचा नवरा दाराशी उभा राहून रुमालाने मान पुसत होता. "होईल का पण आज?" त्याने विचारलं. "तुम्हाला उशीर होत असेल तर राहू द्या."

"राहू द्या काय, राहू द्या?" सून उसळली. "भिडस्तपणाची हद्द झाली. देव दारात द्यायला आला, तरी हे म्हणतील, आधी शेजाऱ्यांकडे जाऊन या."

कॉम्प्युटरवाल्याने पासवर्ड विचारला.

"तो यांनाच विचारा. मलासुद्धा सांगत नाहीत."

नवऱ्याने वाकून पासवर्ड टाकला आणि तो पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

कॉम्प्युटरवाल्याने आतली यादी उघडून पाहिली. "वायफायचं कार्ड ठणठणीत आहे. त्याला चालवणारा ड्रायव्हर तेवढा गायब. नवलच आहे."

"नवल कसलं?"

"हा आपणहून कुठे जात नाही, ताई. काढायला गेलं की मशीन विचारतं, खरंच काढू का? दोनदा 'हो' म्हणावं लागतं."

सुनेची नजर हळूहळू सासूबाईंकडे वळली. 'इथे काय कमी आहे?' असं काल जेवताना त्याच म्हणाल्या होत्या.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो दाराची कडी उगाच वरखाली करत होता.

"मीच," त्या म्हणाल्या. "काल टेबल पुसलं. दाबलं गेलं असेल काहीतरी."

"दोनदा?" कॉम्प्युटरवाल्याने विचारलं.

"कुणाला नाही म्हणायचा माझा स्वभावच नाही, बाबा. दोनदा विचारलं असेल, तर दोनदा हो म्हटलं असेन."

"आई, जाऊ नको म्हणून यांना सरळ सांगायचं होतंत," सुनेचा आवाज कापरा झाला. "असं आडून कशाला?"

सासूबाईंनी मान खाली घातली. चांगली पानं देठांच्या ढिगात पडत होती.

कॉम्प्युटरवाल्याने खिशातला पेन ड्राइव्ह लावला. त्यात असल्या अडल्यानडल्या वेळेचे ड्रायव्हर तो बाळगून असे. निळी पट्टी सरकत सरकत भरली, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि कोपऱ्यात वायफायचं चिन्ह उमटलं. सुनेने स्क्रीनलाच हात जोडले.

"मी यांना खालपर्यंत सोडून येतो," नवरा म्हणाला.

"बघा," ती डोळे पुसत हसली, "पुन्हा भिडस्तपणा!"

जिन्याच्या वळणावर तो थांबला. वर दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे त्याने कॉम्प्युटरवाल्याचा हात धरला.

"दादा, सकाळी मी तो ड्रायव्हर पुन्हा काढला आणि हिने तुम्हाला फोन लावला, तर... उचलू नका."