बायनाबाईचा पाट

बायनाबाई पाटावरून उठायला तयार नव्हती.

"माय, ऊठ बरं. मॅडम कवापासून उभ्या हायेत," राधाकिशन म्हणाला. पाट त्याने विकून टाकला होता. फक्त त्यावर आई बसलेली होती.

मॅडम म्हणजे पुण्याच्या मोहिनीताई. परळीचं दर्शन करून परत जाताना त्यांनी सिरसाळ्याच्या बाजारात जुनं कोरीव लाकूड कुठे मिळेल असं विचारलं, आणि राधाकिशनने त्यांना थेट घरी आणलं. आल्यापासून त्यांचं नाक मुरडलेलंच होतं. दारात शेळ्यांच्या लेंड्या, चहाच्या कपावर माश्या, म्हातारीच्या ओठांवर मिश्रीचा काळा थर. शी! पण पाट पाहिला आणि सगळी किळस पळाली. अस्सल सागवान, चार कोपऱ्यांना चार मोर, कडेने वेल. त्यांनी त्यावरून हात फिरवला, पाटाला गाल लावून फोटोही काढून घेतला. दिवाणखान्यात कुठल्या भिंतीवर लावायचा हेसुद्धा ठरलं. तेवढ्यात म्हातारी आली आणि त्यावर बसली.

राधाकिशन तसा आईला देवच मानायचा. म्हणजे कोपऱ्यात बसवायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं.

"कावून अडून बसलीस?" तो खेकसला.

"तुजा बाप गेला तव्हा त्याला ह्याच पाटावर बसवून शेवटची आंघोळ घातली. माज्या सासूलाबी ह्याच्यावरच. आता माजी पाळी हाय," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आदी मला न्हाऊ घाला, मंग खुशाल न्या."

मोहिनीताईंनी रुमालाने गाल पुसला, पुन्हा पुसला. मेलेल्या माणसांचा पाट!

"त्यात काय येवढं?" राधाकिशनला पाहुणीसमोर आईचीच लाज वाटत होती. "तुला खुर्चीत बसवू की. प्लॅस्टिकची हाय घरात."

आता मात्र मोहिनीताईंना पाटापेक्षा त्याची किळस आली. पोटचा पोरगा, आणि हे बोलतो! म्हातारीने दोन्ही हातांनी पाटाच्या कडा घट्ट धरल्या.

"राहू द्या," म्हणत मोहिनीताई तडक बाहेर पडल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. राधाकिशन हात चोळत मागे आला.

गाडी सुरू झाली आणि थांबली. मोहिनीताईंनी काच खाली केली, आपलं कार्ड त्याच्या हातात ठेवलं.

"आजींची तब्येत कशी असते हो?" त्यांनी हळूच विचारलं.