बाविसावं वडगाव

तालुक्याने काढलेलं बावीस वडगावांच्या फोटोंचं पुस्तक सरपंच गयाबाई शेवटच्या पानापर्यंत चाळत आल्या. एकवीस वडगावांचे पार पुरुषमंडळींनी गच्च भरले होते. फेटे, टोप्या, मिश्या, सगळं जागच्या जागी. त्यांच्या वडगावचा पार तेवढा रिकामा. वर एक कुत्रं झोपलेलं, तेही पाठमोरं.

"अब्रू गेली की ओ, बाई!" उपसरपंच तात्याबा कळवळले. "लोक म्हणतील, या गावात गडीमाणूसच नाही. फोटोवाला आला तेव्हा गड्यांनीच पाणी भरायच्या तुमच्या त्या ठरावापायी आम्ही सगळे विहिरीवर, घरचं पाणी भरत! उद्याच्या सभेत ठराव रद्द."

गयाबाईंचा चेहरा पडला. गावाची शोभा त्यांच्याच हातून झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. थोरल्या वडगावच्या सरपंचबाई विचारत होत्या, "ताई, पुस्तक बघितलं. तुमचे गडी गेले कुठं?"

गयाबाईंनी चाचरत खरं ते सांगितलं. पलीकडून फोनभोवती जमलेल्या दहा-बारा बायकांचा एकच गलका. "ताई, तो ठराव आम्हालाबी लिहून धाडा!"

गयाबाई ताठ बसल्या. कागद पुढे सरकवत म्हणाल्या, "घ्या तात्याबा, तुमचं अक्षर चांगलं आहे."